केसपेपरवर प्रश्नचिन्ह असताना: दिवसा न आवरणारी झोप आणि न ठरलेले निदान

डॉक्टर केसपेपरवर आजाराच्या नावाआधी एक छोटेसे प्रश्नचिन्ह काढतात. "? नार्कोलेप्सी". कधी "? आयएच", म्हणजे इडिओपॅथिक हायपरसोम्निया. दोन्ही दिवसा अनावर झोप आणणारे आजार. कधी नुसतेच "ईडीएस", दिवसाची अतिझोप. कागद घरी आला की सगळे जण तो वाचतात आणि प्रश्नचिन्ह तेवढे गाळून वाचतात. एक जण म्हणतो आजार ठरला, दुसरा म्हणतो काहीच सापडले नाही. दोघांचेही चुकते.

हा लेख त्या प्रश्नचिन्हासोबत राहावे लागणाऱ्यांसाठी आहे. ते काही महिने राहते, काहींचे वर्षानुवर्षे राहते. या काळात दोन कामे बरोबरीने चालवायची असतात: निदान पक्के व्हायला मदत होईल अशा नोंदी ठेवणे आणि निदानाची वाट न पाहता जीव सांभाळणे. दुसरे काम पहिल्यावर कधीही अडवून ठेवू नका.

पायरी १: थकवा की झोप, हे आधी वेगळे करा

डॉक्टरांकडे गेल्यावर आपण म्हणतो, "खूप थकल्यासारखे होते." इथेच तपासणीची दिशा चुकू शकते. थकलेल्या माणसाला आडवे व्हावेसे वाटते, पण पडल्यावर डोळा लागेलच असे नाही. झोपेच्या आजारात पेंग येते, झापड येते, बोलता बोलता वाक्य अर्धवट राहते. आपले कोणते आहे ते ठरवा आणि तोच शब्द वापरा. दोन्ही असेल तर दोन्ही सांगा.

मोजमापासाठी एपवर्थ प्रश्नावली आहे. ८ प्रसंग, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २४. १० च्या वर गेले तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर मानतात. त्यातला एक प्रसंग तासभर गाडीत प्रवासी म्हणून बसण्याचा आहे. पणजी-मडगाव बस डोळ्यांसमोर आणा आणि खरे उत्तर लिहा. घरातल्या कुणाला तरी तुमच्याविषयी तीच प्रश्नावली वेगळी भरायला सांगा. झोपाळू माणसाला आपली डुलकी कळत नाही, म्हणून दोन्ही आकड्यांत फरक पडतो, आणि तो फरकही डॉक्टरांना दाखवण्याजोगा असतो.

पायरी २: १४ दिवसांची डायरी

साधी आडवी वही घ्या. दररोज एक ओळ: अंथरुणाला पाठ कधी टेकली, झोप अंदाजे कधी लागली, रात्री किती वेळा जाग आली, सकाळी डोळे कधी उघडले आणि प्रत्यक्ष उठलात कधी. शेवटच्या दोन वेळा वेगळ्या लिहाच. इडिओपॅथिक हायपरसोम्नियात माणूस जागा होऊनही तासभर गुंगीत असू शकतो, गजर बंद केल्याचे त्याला आठवतही नाही. हे अंतर वहीत दिसले पाहिजे.

दुपारच्या झोपेबद्दल गोव्यात विशेष सांगावे लागते. इथे एक ते चार दुकानांची दारे ओढलेली असतात आणि वामकुक्षी कुणाला वावगी वाटत नाही. त्यामुळे "दुपारी झोपता का?" या प्रश्नाला सगळेच "हो, थोडा वेळ" म्हणतात आणि एक महत्त्वाचा धागा हातचा जातो. किती मिनिटे झोपलात, आणि उठल्यावर कसे वाटले? १५-२० मिनिटांच्या डुलकीने ताजेतवाने वाटत असेल, तर ते नार्कोलेप्सीकडे बोट दाखवते. दीड-दोन तास झोपूनही डोके जडच राहत असेल, तर इडिओपॅथिक हायपरसोम्नियाकडे. ही खूण पक्की नसते, पण एका ओळीत मिळते आणि फुकट मिळते.

शीत-कडी खाऊन कुणालाही सुस्ती येते. म्हणून जेवणाआधी, सकाळी दहा-अकराला येणारी पेंग वहीत वेगळी दाखवा. तिला जास्त वजन आहे.

चहा-कॉफीचे कप, दारू आणि प्रत्येक गोळी वेळेसकट लिहा. सर्दीची सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामिन, चिंतेसाठीची क्लोनाझेपाम, नसांच्या दुखण्यासाठीची प्रेगाबालिन, या सगळ्यांनी झोप येते. एप्रिल-मेमध्ये हुर्राक रोज थोडी घेत असाल तर तेही लिहा, लाजू नका. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते आणि घोरणे वाढते.

चवथ, शिगमो, गावची जत्रा आणि तिथले पहाटेपर्यंत चालणारे नाटक, असे दिवस डायरीच्या पंधरवड्यात येणार असतील तर पंधरवडा पुढे ढकला. जागरणाच्या आठवड्यातली डायरी फक्त जागरणच दाखवते.

पायरी ३: साधी कारणे आधी निकालात काढा

सर्वात जास्त आढळणारे कारण म्हणजे अपुरी झोप, आणि तेच कबूल करणे सर्वात जड जाते. पहाटे दोनला भट्टी पेटवणारा पोदेर, कॅसिनोत किंवा हॉटेलात फिरत्या पाळीवर असणारी मुले, बाराला मोबाइल ठेवून साडेपाचला उठणारे विद्यार्थी. यांना नार्कोलेप्सीची तपासणी करण्याआधी सलग दोन आठवडे रोज साडेआठ-नऊ तास अंथरुणात द्या, सुट्टीच्या दिवशीही त्याच वेळी. पेंग बरीच उतरली तर उत्तर मिळाले. उतरली नाही, तर ही दोन आठवड्यांची नोंद पुढच्या चाचणीला भक्कम आधार देते.

दुसरे कारण घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे. शेजारी झोपणाऱ्याला विचारा: घोरणे मध्येच थांबते का, मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास येतो का? मोबाइलवर दोन मिनिटे रेकॉर्ड करा. सडपातळ माणसालाही हा त्रास असू शकतो, म्हणून अंगकाठी पाहून तो वगळू नका.

रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि साखर पाहून घ्या. संध्याकाळनंतर पायांत वळवळ होऊन ते सारखे हलवावेसे वाटत असतील तर फेरिटिन विशेष महत्त्वाचे. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत असूनही ते ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असेल, तर अशा पायांसाठी लोह देण्याचा विचार करतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, नीट अंगी लागत नाही.

नैराश्यातही झोप वाढते. कुणी मानसोपचाराकडे पाठवले म्हणून "हे सगळे मनाचे खेळ" असा अर्थ लावू नका; दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. जगणे नकोसे वाटू लागले तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर लगेच बोला.

पायरी ४: तीन खुणा नेमक्या शब्दांत सांगा

नार्कोलेप्सीची पहिली खूण कॅटाप्लेक्सी, म्हणजे भावनेच्या भरात अचानक स्नायू सैल पडणे. मनापासून हसताना, विनोद सांगताना, एखाद्या वेळी रागात, गुडघे लटपटतात, मान खाली पडते, जबडा सैल होतो, हातातला पेला निसटतो. काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटे. शुद्ध पूर्ण असते, आजूबाजूचे बोलणे ऐकू येते. हीच सर्वात वजनदार खूण, आणि रुग्ण तीच सांगायची विसरतो, कारण त्याला ती अशक्तपणाची गोष्ट वाटते. काहींत ती झोपेच्या त्रासानंतर कित्येक वर्षांनी उगवते, म्हणून दर भेटीत पुन्हा सांगा. घरच्यांनी व्हिडिओ काढता आला तर काढावा. शुद्ध हरपत असेल, अंग ताठत असेल, जीभ चावली जात असेल तर ते वेगळे दुखणे आहे. तेव्हा १०८ बोलवा.

दुसरी खूण: जाग येते, पण अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते, खोलीत कुणीतरी दिसते. आपल्याकडे कुणी याला देवचाराचा त्रास म्हणते, कुणी गाऱ्हाणे घालायला सांगते. देवळात जाऊन धीर मिळत असेल तर अवश्य जा, पण डॉक्टरांपासून हे लपवू नका. निजलेल्या शरीराची सैल अवस्था जाग आल्यावरही काही सेकंद ते काही मिनिटे रेंगाळते, एवढेच त्यात घडते. उताणे झोपल्यावर ते जास्त होते, कुशीवर झोपा. जवळच्याने हात लावून नावाने हाक मारली की बऱ्याचदा सुटते. कुठलाही आजार नसलेल्यांनाही हे होते, त्यामुळे एवढ्यावरून निदान होत नाही.

तिसरी खूण: डोळा लागताक्षणी किंवा उठता उठता दिसणारी जिवंत, खरी वाटणारी दृश्ये. ती सुरुवातीला दिसतात की शेवटी, एवढे लिहून ठेवा.

पायरी ५: चाचणी, आणि ती कशी फसते

गोव्यात सुरुवात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा म्हापसा-मडगावच्या जिल्हा रुग्णालयांतून करता येते. घोरणे मुख्य असेल तर श्वसनविकार किंवा कान-नाक-घसा विभाग, पेंग मुख्य असेल तर न्यूरोलॉजी. कुठेही नाव नोंदवण्याआधी विचारा: रात्रभराची पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी (झोपेत मेंदू, श्वास आणि हालचालींची नोंद) होते की फक्त श्वासाची? दुसऱ्या दिवशी एमएसएलटी होते का? अहवाल कोण वाचतो? मूळ आलेख मिळतील का? डीडीएसएसवाय (गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना) कार्डावर खर्च बसतो का, हे काउंटरवर आधीच स्पष्ट करून घ्या.

एमएसएलटी म्हणजे दिवसाच्या डुलक्यांची परीक्षा. आदल्या रात्री प्रयोगशाळेत झोप, किमान ६ तासांची. सकाळी उठल्यावर दीड ते तीन तासांनी पहिली डुलकी, मग दर दोन तासांनी एक, अशा ४ किंवा ५. अंधाऱ्या खोलीत पडायचे. २० मिनिटांत झोप लागली नाही तर ती फेरी संपते. लागली तर पुढे १५ मिनिटे पाहतात आणि त्या वेळात स्वप्नझोप, म्हणजे आरईएम, येते का ते नोंदवतात. झोप लागायला सरासरी ८ मिनिटे किंवा कमी, आणि किमान २ वेळा लवकर आलेली आरईएम, तर निकाल नार्कोलेप्सीकडे झुकतो. आदल्या रात्री १५ मिनिटांत आरईएम आली असेल तर तीही एक धरतात. सरासरी ८ च्या आत पण आरईएम एकदाच किंवा शून्य, तर इडिओपॅथिक हायपरसोम्नियाकडे. २४ तासांत मिळून ६६० मिनिटे (११ तास) किंवा जास्त झोप होत असेल, तर तोही त्या निदानाचा एक निकष आहे.

आता गणित करून पाहा. पाच डुलक्यांत झोप लागायला ६, ९, ४, १२ आणि ७ मिनिटे लागली. बेरीज ३८, सरासरी ७.६. निकाल आजाराकडे झुकतो. आता समजा, चौथ्या डुलकीच्या वेळी बाहेर ट्रॉली खडखडली आणि झोप लागलीच नाही. १२ च्या जागी २० धरतात. बेरीज ४६, सरासरी ९.२. माणूस तोच, दिवस तोच, आणि अहवालावर "नॉर्मल". कॅटाप्लेक्सी नसलेल्यांत ही चाचणी पुन्हा केली तर निकाल बदलणे अगदी नेहमीचे आहे. अशा एका अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांचे निदान बदलले होते. तुमचा अहवाल बदलला म्हणजे तुम्ही सोंग केले असा अर्थ होत नाही. मोजपट्टीच जाडीभरडी आहे.

तरीही जे आपल्या हातात आहे ते बिघडू देऊ नका. चाचणी मुंबई, पुणे किंवा बंगळुरूला असेल तर रात्रीच्या बसने पोहोचून त्याच दिवशी दाखल होऊ नका. बसमधली मोडकी झोप निकालात उतरते. दोन-तीन दिवस आधी पोहोचा आणि तिथेही रोजच्या वेळेलाच झोपा. शक्य असेल तर आधीचा आठवडा-पंधरवडा मनगटावर अ‍ॅक्टिग्राफ (हालचालींवरून झोप-जाग नोंदवणारे यंत्र) लावून मिळतो का विचारा. नेहमीचे स्मार्टवॉच डॉक्टरांना दाखवायला हरकत नाही, पण त्यावरच्या "डीप स्लीप"च्या आकड्यांवर निदान उभे राहत नाही.

चाचणीच्या दिवशी केस शाम्पूने धुवा आणि खोबरेल तेल लावू नका. डोक्याला चिकटवलेल्या तारा तेलावरून सुटतात, आणि सुटलेली तार म्हणजे वाया गेलेला तास. बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लागतो, म्हणून नेलपॉलिश काढा. नखांवर ताजी मेंदी असेल तर तंत्रज्ञाला सांगा. दोन डुलक्यांच्या मध्ये झोपायचे नाही, चहा-कॉफी घ्यायची नाही. सोबत येणाऱ्याचे मुख्य काम तुम्हाला मधल्या वेळेत जागे ठेवणे हेच.

गोळ्यांचा प्रश्न सर्वात नाजूक. बहुतेक नैराश्यविरोधी औषधे आरईएम दाबतात, त्यामुळे खरा नार्कोलेप्सीचा रुग्णही चाचणीत सुटून जातो. म्हणून ती साधारण दोन आठवडे आधी, आणि फ्लुओक्सेटिनसारखी शरीरात रेंगाळणारी त्याहून आधी, हळूहळू थांबवतात. घाईने बंद केली तर उलटे होते: दाबलेली आरईएम उसळून येते आणि आजार नसताना दिसू लागतो. हा निर्णय गोळी लिहून देणारे आणि चाचणी करणारे डॉक्टर मिळून घेतात. स्वतः बंद करू नका. गोळी थांबवणे धोक्याचे असेल तर चाचणी गोळीसकट होऊ द्या आणि अहवालावर तसे लिहून घ्या.

पाठीच्या कण्यातील पाण्यात हायपोक्रेटिन (मेंदूतले जागे ठेवणारे रसायन) ११० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा कमी असेल तर पहिल्या प्रकारची, म्हणजे बहुधा कॅटाप्लेक्सीसह येणारी, नार्कोलेप्सी ठरते, पण ती रोजच्या तपासण्यांतली नाही. एचएलएची (जनुकांची) रक्तचाचणी कुणी सुचवली तर एवढे लक्षात ठेवा की ती आजार नसलेल्या कित्येकांतही पॉझिटिव्ह येते.

पायरी ६: तोवरचे दिवस

गाडी. गोव्यात दुचाकीशिवाय पान हलत नाही, आणि नेमका तिथेच धोका आहे. पेंग ताब्यात असल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत स्कूटर-मोटार चालवू नका. मागे बसणेही सुरक्षित नाही. डोळा लागला की माणूस बाजूला कलंडतो, मग पुढे भाऊ असो की भाड्याच्या मोटारसायकलचा पायलट. बस बरी. कंडक्टरला उतरायचे ठिकाण सांगून ठेवा आणि मोबाइलचा थरथरणारा गजर लावा. पुढे गाडी चालवायची परवानगी मिळाली तरी, गेलेला एक किलोमीटर आठवत नाही असे झाले की त्याच क्षणी थांबायचे. खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी फसवे धैर्य येते. वीस मिनिटांची डुलकी हाच उपाय.

समुद्रात, नदीत एकट्याने उतरू नका. विहिरीच्या काठावर, शिडीवर, ट्रॉलरच्या डेकवर एकटे काम नको. उकळती कढई सोडून बसू नका.

डुलकी औषधासारखी वेळेवर घ्या: जेवणानंतर २० मिनिटे, तीनच्या आत, गजर लावून. लांब झोपेने फायदा होत नसल्याचे डायरीत दिसत असेल तर दुपारभर पडून राहू नका. सकाळी उठल्या उठल्या व्हरांड्यात उजेडात बसा.

कामावर "मला नार्कोलेप्सी आहे" असे सांगण्याची गरज नाही. ते अजून ठरलेलेही नाही. डॉक्टरांकडून आजाराऐवजी गरज सांगणारे पत्र घ्या: "रुग्णास दिवसा अनावर झोप येत असून तपासणी सुरू आहे. रात्रपाळी व वाहन चालवण्याचे काम देऊ नये. दुपारी २० मिनिटे विश्रांतीची मुभा असावी." शाळा-कॉलेजलाही असेच पत्र चालते. विम्याच्या अर्जात मात्र लपवाछपवी नको. "तपासणी सुरू, निदान अनिश्चित" असे खरे तेच लिहा.

औषध निदान पक्के होण्याआधीही सुरू होऊ शकते. जागे ठेवणारी मोडाफिनिल सकाळी १०० किंवा २०० मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. ते सुरू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. ही गोष्ट स्त्रियांना सांगायची राहून जाते, म्हणून तुम्हीच विचारा. अंगावर पुरळ उठले तर गोळी थांबवून लगेच दाखवा. सुरू करण्याआधीचा आणि चार आठवड्यांनंतरचा एपवर्थ गुण लिहून ठेवा. गोळीने बरे वाटले म्हणून निदान सिद्ध होत नाही, कारण तिने निरोगी माणसाचीही झोप उडते.

श्वास अडकण्यासाठी सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देणारे मशीन) दिले असेल तर पावसाळ्यात मास्क रोज धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, नळीत पाणी साचू देऊ नका. आपल्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. वीज जाते त्या रात्रीसाठी बॅकअपची सोय पाहा. नीट वापरूनही पेंग तशीच राहिली तर मशीनमधली वापराची नोंद काढून घ्या, मगच दुसऱ्या आजाराचा शोध सुरू होतो.

घरच्यांनी एक शब्द टाळावा: आळशी. पांघरूण ओढून उठवण्याने गुंगी जात नाही, चिडचिड वाढते. दोन गजर, एक हाताशी आणि एक खोलीच्या दुसऱ्या टोकाला; दिवा लावणे, नावाने हाक, आणि दहा मिनिटांनी परत एकदा. उठवण्याचे हे काम घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा.

फाईल

पुन्हा चाचणी कधी करायची? नवी खूण दिसली, मुख्यतः कॅटाप्लेक्सी, किंवा पहिल्या चाचणीत झोप अपुरी होती, गोळ्या चालू होत्या, रात्री श्वास अडकत होता, तर पुन्हा करण्याला अर्थ आहे. सगळे नीट असताना केवळ वेगळा निकाल हवा म्हणून नको.

प्रत्येक भेटीला एकच फाईल न्या. वर एका पानावर त्रास कधी सुरू झाला, एपवर्थचे गुण तारखांसह आणि आजवर घेतलेली औषधे. खाली डायरी, रक्ताचे अहवाल, मग पॉलिसोम्नोग्राफी आणि एमएसएलटीचे पूर्ण अहवाल, नुसते शेवटचे पान नव्हे. प्रत्येक डुलकीचे वेगळे आकडे त्यात असले पाहिजेत. सरासरीच दिली असेल तर मागून घ्या. मूळ आलेखांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मिळत असेल तर तीही. थर्मल कागदावरची अक्षरे उडतात, त्यांच्या फोटोकॉपी काढा. आणि सगळे जाड प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, कारण पुढची तारीख जुलैतली असू शकते.